त्यांचे एकोणीस दिवस, तुमचे पंचाण्णव

काकू, सा. न. वि. वि.

मी इंदूरला सुदामा नगरात राहते. सासू-सासरे आमच्याजवळ असतात; खरं म्हणजे आम्हीच त्यांच्या घरात राहतो. हे सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात हिशेब बघतात, पगार २० हजार. मी खासगी शाळेत शिकवते, मला १६ हजार मिळतात. जानेवारीत बाबांच्या (वय ७४) छातीत दुखायला लागलं. जवळच्या खासगी रुग्णालयात नेलं, दोन स्टेंट टाकले. बिल झालं ३ लाख ४२ हजार. मोठे भाऊजी पुण्याला आयटीत आहेत, महिन्याला १ लाख ८० हजारांच्या आसपास मिळवतात. ते आले, दोन दिवस राहिले आणि जाताना म्हणाले, "तिघं भावंडं आहोत, सारखे तीन भाग करू, म्हणजे कुणाला बोलायला जागा नको." देवासच्या नणंदबाई गप्पच बसल्या. त्यांच्या यजमानांचं दुकान आहे, महिन्याला पन्नासेक हजार सुटतात. आमचे हे लगेच "हो दादा" म्हणाले. वाट्याला आले १ लाख १४ हजार. घरात ४४ हजार होते. बाकीच्या ७० हजारांसाठी माझ्या पाटल्या गहाण ठेवल्या.

त्याच महिन्यात आमच्याकडे भांडी-फरशीला येणाऱ्या बाईच्या नवऱ्यालाही स्टेंट टाकला. आयुष्मान कार्डावर, रुग्णालयात एक पैसा लागला नाही. तिच्याकडे स्कूटर आहे, पक्कं घर आहे. टॅक्स आम्ही भरायचा आणि फुकट त्यांना! द्यायचं तर सगळ्यांना सारखं द्या, नाहीतर कुणालाच नको. हा कुठला न्याय?

भाऊजींशी बोलू का? बोलले तर घर फुटेल का? मला अगं-तुगं करा, मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे.

– एक सून

सूनबाई,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा पाटल्यांपाशीच थांबले. माझ्याही एकदा गेल्या होत्या, आणि सुटून आल्या तेव्हा हाताला सैल होत होत्या. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा दिसलं की तू एकाच पत्रात दोन न्याय मागते आहेस आणि ते एकमेकांच्या उलटे आहेत. भाऊजींना तुला सांगायचंय की ज्याची जेवढी ऐपत, तेवढं त्यानं द्यावं. सरकारला मात्र म्हणतेस, सगळ्यांना सारखं. उंबऱ्याच्या आत एक माप, बाहेर दुसरं. रागावू नकोस. मी एकतीस वर्षं एका रुग्णालयात बिलाच्या खिडकीमागे काढली आहेत, आणि खिडकीच्या या बाजूला बसूनही माझ्याजवळ बरीच वर्षं अशीच दोन मापं होती.

आधी घरातलं बघू.

मी कागद-पेन घेऊन बसले. निवृत्त झाले तरी सवय जात नाही. १ लाख १४ हजार म्हणजे तुम्हा दोघांची मिळून पंचाण्णव दिवसांची कमाई. नणंदेच्या घरची अडुसष्ट दिवसांची. भाऊजींची एकोणीस दिवसांची. रुपये सारखे झाले खरे, पण भाऊजी एकोणीस दिवसांत मोकळे झाले आणि तू पंचाण्णव दिवस बांधली गेलीस. आता उलटं करून बघ. रुपयांऐवजी दिवस सारखे धर. तिघांची मिळून महिन्याची कमाई २ लाख ६६ हजार. त्या हिशेबानं प्रत्येक घरानं साधारण साडेअडतीस दिवसांची कमाई द्यायची. भाऊजींकडे २ लाख ३१ हजार ४०० येतात, नणंदेकडे ६४ हजार ३००, तुमच्याकडे ४६ हजार ३००. घरात होते ते ४४ हजार, वर दोन-सव्वादोन हजार कुठूनही उभे राहिले असते. पाटल्या हातातच राहिल्या असत्या.

आणि दिवससुद्धा पुरतं खरं सांगत नाहीत बरं का. तुमच्या साडेअडतीस दिवसांत किराणा, गॅस, मुलांची फी, बाबांची रोजची औषधं सगळं आलं. भाऊजींच्या दिवसांतून ते सगळं वजा केलं तरी पुष्कळ उरतं. आयकराचा दर कमाईबरोबर पायरीपायरीनं वर चढतो तो याचसाठी. भाऊजी म्हणतील, पुण्याच्या फ्लॅटचा हप्ता आहे. असेल. पण हप्ता आपण पसंत करून घेतलेला असतो, वरण-भात कुणी पसंत करून खात नाही.

आता भाऊजींच्या बाजूनंही थोडं बोलते, कारण तू पत्रात एक गोष्ट जाता जाता लिहिलीस आणि पुढे गेलीस: 'आम्हीच त्यांच्या घरात राहतो.' सुदामा नगरात असं घर भाड्यानं घ्यायचं तर महिन्याला किती जातील, तुला माहीत आहे. ती रक्कम तुमच्या पारड्यात धरली पाहिजे. तू धरली नाहीस तर भाऊजी किंवा जाऊबाई कधी ना कधी धरतीलच, आणि तेव्हा ते बोलणं टोचेल. त्याच कागदावर दुसऱ्या बाजूला हेही लिही: रुग्णालयातल्या रात्री कुणी काढल्या, मिठाशिवायचा वेगळा स्वयंपाक कोण करतं, शाळेतून किती बिनपगारी रजा घेतल्या. सेवेचं बिल काढू नकोस; ते काढलं की तिची चव जाते. पण 'सारखे तीन भाग' म्हणणाऱ्यानं ती हिशेबातून गाळली आहे, एवढं त्याला कळायला हवं.

नणंदेचंही तसंच. बिलात तिसरा हिस्सा मागताना ती मुलगी आहे हे सगळ्यांच्या लक्षात राहिलं. घराच्या कागदांची वेळ येईल तेव्हाही राहू दे म्हणजे झालं.

भाऊजींशी तू बोलू नकोस. त्यांनी बोलावं, ज्यांनी "हो दादा" म्हटलं त्यांनी. त्यांचं ते 'हो' मला ओळखीचं आहे. खिडकीसमोर असे भाऊ मी शेकड्यानं पाहिले. धाकटा खिशात हात घालतो तेव्हा मान जास्त ताठ असते, कारण खिसा हलका आहे हे थोरल्याला दिसू द्यायचं नसतं. एकदा एक गृहस्थ आपला 'तिसरा भाग' भरून गेले आणि संध्याकाळी पुन्हा आले, भावांना न सांगता दोन हजार परत मिळतील का विचारायला. परत द्यायची सोय नव्हती. ते "काही नाही, सहज विचारलं" म्हणाले आणि जिन्यानं उतरून गेले. त्यांचा चेहरा आठवला की अजून वाटतं, त्या माणसानं सकाळी एक वाक्य बोलायला हवं होतं.

ते वाक्य सोपं आहे. "दादा, माझ्यानं सगळं झालं नाही, पाटल्या ठेवाव्या लागल्या." एवढंच. ऐपतीचं भाषण नको, टक्के नकोत, बायकोचं नावही नको. फॅमिली ग्रुपवर तर मुळीच नको; तिथं एक जण लिहितो आणि अकरा जण वाचतात. भाऊजी पुढच्या वेळी येतील तेव्हा सकाळी दोघं भाऊ पोहे-जलेबी आणायला जातील ना, तेव्हा रस्त्यात बोलावं. चालताना माणसं समोरासमोर नसतात, बोलणं सोपं जातं. मागायचं तेही ठरवून मागावं. मागच्या बिलाचा सगळा हिशेब पुन्हा उकरला तर भाऊजींकडून आणखी १ लाख १७ हजार निघतात, पण तेवढं मागू नका. ७० हजारांचं कर्ज त्यांनी फेडावं आणि पाटल्या सुटाव्यात, एवढंच मागा. नणंदेचा प्रश्न तिनं तिचा मांडावा.

घर फुटेल का, विचारतेस. एका वाक्यानं फुटणारं घर असेल तर ते व्याजानंही फुटेल, फक्त तुझ्या एकटीच्या आत.

पुढच्या आजारपणासाठी मात्र आत्ताच काहीतरी करा, कारण बाबा ७४ चे आहेत, आणि आईही आहेत. दर महिन्याला प्रत्येक घरानं आई-बाबांच्या नावे एका दिवसाची कमाई वेगळी काढावी. भाऊजींचे ६ हजार, नणंदेचे साधारण १,६६७, तुमचे १,२००. वर्षाला १ लाख ६ हजारांच्या वर जमतात. ताप आल्यावर वर्गणी काढायला बसलं की ज्याच्या अंगाशी येतं त्याचीच मान वाकते. आधीपासून थोडं थोडं जमवलेलं असलं की मागणारा आणि देणारा असे दोन पक्षच राहत नाहीत. भाऊजींना हेही विचारा की त्यांच्या कंपनीच्या सामूहिक विम्यात आई-वडिलांना घेता येतं का. पुष्कळ कंपन्या हप्ता वाढवून घेतात.

आता ही 'एक दिवस' पद्धत मी शोधलेली नाही. ती तुझ्या यजमानांच्या पगारपत्रकावर दर महिन्याला छापलेली असते. पगार २१ हजारांपर्यंत आहे म्हणजे ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विम्याची वर्गणी, कापत असणार: त्यांच्याकडून पाऊण टक्का, म्हणजे १५० रुपये, आणि मालकाकडून सव्वातीन टक्के, म्हणजे ६५०. त्याच कारखान्यात झाडू मारणाऱ्याला १२ हजार मिळत असतील तर त्याचे ९० रुपये कापतात. पण दोघांना रुग्णालय तेच, डॉक्टर तेच, औषध तेच. तो माणूस ९० रुपयांत तुमच्याएवढंच घेतो म्हणून तुम्ही कधी तक्रार केलीत? नाही ना? मग बाईच्या कार्डानं का टोचलं? पगारातून कापलेलं डोळ्याला दिसत नाही आणि बाईचं कार्ड दिसतं, असं मला वाटतं.

त्या ईएसआयची खोट मात्र सांगते. २१ हजारांच्या वर गेलं की माणूस त्यातून बाहेर पडतो. म्हणजे कमी पगाराचे कामगार कमी पगाराच्या कामगारांना सांभाळतात. ज्यांच्या एका टक्क्यानं खरंच भर पडली असती, ते त्या पंक्तीला बसतच नाहीत. तुमच्या घरात भाऊजींना 'तुमची कमाई जास्त आहे, तेव्हा तुम्ही आई-बाबांच्या वर्गणीत नका येऊ' म्हटल्यासारखं आहे ते.

आता टॅक्स. हे जरा कडू लागेल. तुम्हा दोघांची वर्षाची कमाई पाहिली तर वेगवेगळी धरून तुमच्यातल्या कुणालाच आयकर लागत नाही. म्हणजे 'टॅक्स आम्ही भरतो' हे खरं आहे, पण तो टॅक्स बाईही भरते. तेलाच्या पिशवीवर, चहा-साखरेवर ५ टक्के जीएसटी आहे; दुकानदार बाईला वेगळा दर लावत नाही आणि भाऊजींनाही लावत नाही. फरक एवढाच की बाईची सगळी कमाई दुकानात जाते, म्हणजे तिच्या जवळजवळ प्रत्येक रुपयाला कुठे ना कुठे कराचा हात लागतो. भाऊजींची निम्मी कमाई शिलकीत जाते, ती जीएसटीच्या वाटेला येत नाही. आयकर ते भरतात, तो भरपूर भरत असतील, त्याबद्दल त्यांचा मान राखून सांगते.

आणि फुकटाचंच म्हणशील तर तेही दोन तऱ्हेचं असतं. बाईचं कार्ड सगळ्या गल्लीला दिसतं. पण भाऊजी जुन्या पद्धतीनं कर भरत असतील तर आयकरात ज्येष्ठ आई-वडिलांच्या विम्यावर ५० हजारांपर्यंत सूट मिळते. विमा नसेल तर त्यांच्या औषधोपचाराच्या खर्चावरही मिळते, रोखीनं दिला नसेल तर. ३० टक्क्यांच्या पायरीवरच्या माणसाचे त्यात उपकरासकट १५,६०० रुपये वाचतात. हाच खर्च तू केलास तर तुझा एक रुपयाही वाचत नाही, कारण तुला करच नाही. म्हणजे जितकी कमाई जास्त, तितकी मदत जास्त. सरकारनं तेवढा पैसा सोडून दिला, म्हणजे दिल्यासारखाच. फक्त तो कुठल्या कार्डावर छापलेला नसतो, म्हणून त्याला कुणी फुकट म्हणत नाही.

बाईच्या स्कूटरबद्दल एकच विचारते. नवरा रुग्णालयात होता ते दिवस ती कामाला आली नसेल. तिचे तेवढे पैसे कापलेस का? तुझ्या यजमानांना आजारपणात ईएसआयकडून वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळू शकतात. तिला आणि तिच्या नवऱ्याला त्या दिवसांचं काहीच मिळालं नाही. कार्डानं भरतीपूर्वीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस एवढं धरलं. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या पुढे कितीतरी महिने घ्यायच्या असतात, त्या जनऔषधीतून स्वस्त मिळाल्या तरी पदरच्या पैशानंच. तेव्हा 'एक पैसा लागला नाही' हे रुग्णालयाच्या दारापर्यंतच खरं.

पण तुझा राग खोटा नाही. फक्त तो चुकीच्या पत्त्यावर गेला. बाईला मिळालं यात अन्याय नाही; तुम्हाला काही मिळालं नाही, यात आहे. आयुष्मान योजना २३ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली ती कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, आणि कुटुंब निवडलं ते २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेवरून. आपल्या मध्य प्रदेशात संबल या असंघटित कामगारांच्या योजनेतले आणि रेशनची पात्रता-पर्ची असलेलेही त्यात आले. वर सरकारी नोकरांना त्यांची सोय, कंपनीवाल्यांना कंपनीचा विमा. मधे तुमच्यासारखी घरं राहिली, यादीत बसण्याइतकी गरीब नाहीत आणि विम्याचा हप्ता भरण्याइतकी सुखी नाहीत. नीती आयोगानंच २०२१ मध्ये हिशेब मांडला होता की असे 'मधले' लोक देशात निदान ३० टक्के, म्हणजे ४० कोटींच्या घरात आहेत. खासगी विमा काढायला गेलीस तर तो वय बघतो, रक्तदाब बघतो, पगार बघत नाही. ६८ वर्षांच्या तुझ्या शेजारणीला आणि ६८ वर्षांच्या गिरणीमालकाला त्याचा हप्ता एकच. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, तेवढा दिलासा.

विमाही नसला की मग बिलाची खिडकी. तिथं तर कुणीच काही बघत नाही. सरकारी राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत २०१३-१४ चा आकडा होता की देशात आरोग्यावर खर्च होणाऱ्या शंभर रुपयांतले ६४ रुपये लोक आजारपणात आपल्या खिशातून घालतात. २०२१-२२ मध्ये ते ३९ वर आले. उतरलेत, खरंच उतरलेत. पण त्या ३९ मध्ये तुझ्या पाटल्यांसारखे दागिने किती असतील, ते कुठल्या तक्त्यात येत नाही.

आपल्याच शहरातली एक गोष्ट तुला ठाऊक नसेल, तू तेव्हा लहान असशील. १९९४ मध्ये सुरतेला प्लेग आला आणि इथं सगळ्यांना एमवायचे, म्हणजे आपल्या मोठ्या सरकारी रुग्णालयातले, उंदीर आठवले. रुग्णालय रिकामं केलं, हजारो उंदीर मारले, वर्षानुवर्षांचा कचरा काढला, लोकांनी पदरचे पैसे दिले. झाडून झालं, पण रोज स्वच्छ ठेवायला पैसा कुठून आणायचा? तेव्हा रोगी कल्याण समिती निघाली. ज्याला जमतं त्याच्याकडून थोडं शुल्क घ्यायचं, गरिबाला माफ करायचं, आणि जमलेला पैसा भोपाळला न पाठवता त्याच रुग्णालयात खर्च करायचा. इंदुरात जन्मलेली ही कल्पना पुढे सगळ्या राज्यात आणि २००५ च्या ग्रामीण आरोग्य मिशननंतर देशभर गेली. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीच्या खालोखाल आपण जगाला दिलेली गोष्ट ती हीच, असं मी गमतीनं म्हणते.

मला त्या कल्पनेचं कौतुक आहे आणि तिच्याशी माझं भांडणही आहे. जमतं त्यानं द्यावं, हे बरोबर. पण आजारी पडल्यावर खिडकीशी द्यावं, हे मला पटत नाही. तिथं ज्याला जमत नाही त्याला मोठ्यानं सांगावं लागतं की मला जमत नाही, आणि मागे रांग उभी असते. माझ्या खिडकीवरही सवलतीचा अर्ज असायचा. तो फॉर्म मागायला सगळ्यात जास्त लाजायची ती तुमच्यासारखी घरं. ज्यांच्याकडे पिवळं रेशनकार्ड होतं ती माणसं ते सरळ काचेवर टेकवायची. मोठ्या गाडीतून येणारेही बिनदिक्कत सूट मागायचे, आणि त्यांना ती मिळायचीही, कारण त्यांना कुणाला फोन लावायचा ते ठाऊक असायचं. मधले गुपचूप पूर्ण बिल भरायचे.

ऐपत बघायचीच तर ती माणूस धडधाकट असताना बघावी, कर गोळा करताना, पगारातून कापताना. खाटेवर पडल्यावर फक्त दुखणं बघावं. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा करणाऱ्या भोर समितीनं १९४६ मध्येच लिहून ठेवलं होतं की पैसे देता येत नाहीत म्हणून कुणी उपचारावाचून राहू नये. थायलंडनं २००२ पर्यंत तिथल्या तुमच्यासारख्या मधल्या घरांनाही सामावून घेतलं: सरकारी नोकर आणि कामगार विम्यातले वगळून उरलेल्या सगळ्यांसाठी एकच योजना, पैसा सर्वसाधारण करातून, आणि सुरुवातीला रुग्णालयाच्या दर भेटीला ३० बात (तिथलं चलन). तो काही श्रीमंत देश नव्हता तेव्हा.

'नाहीतर कुणालाच नको' असं तू रागात लिहिलंस, तेवढं मात्र पुन्हा लिहू नकोस. चांगल्या स्थितीतली माणसं एमवायमधून कधीच उठून गेली. ज्यांच्या फोनवर साहेब खुर्चीतून उठतात, त्यांचं कुणी तिथल्या खाटेवर नसतं. २०२५ मध्ये त्याच एमवायमध्ये नवजात बाळांना उंदीर चावल्याची बातमी आली, तेव्हा मला १९९४ आठवलं आणि दिवसभर काही सुचलं नाही. आपण तिथं जात नाही म्हणून ते आपलं नाही, असं वाटतं खरं. पण दोन स्टेंटनंतर तिसरं काही निघालं आणि पाटल्याही गेलेल्या असल्या, तर तुम्ही कुठे जाल?

आता शेवटचं, आणि हे वाचून तुला वाईट वाटणार आहे, म्हणून मागे ठेवलं होतं. बाबा ७४ चे आहेत. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं. कमाई बघत नाहीत, रेशनकार्ड बघत नाहीत, मुलगा पुण्याला किती मिळवतो तेही बघत नाहीत. आधारकार्डावरचं वय पुरतं. वर्षाला ५ लाखांपर्यंत, आधीचा आजार असला तरी पहिल्या दिवसापासून. जानेवारीत ते कार्ड असतं आणि रुग्णालय योजनेतलं असतं, तर ३ लाख ४२ हजारांवरून तुम्ही तिघं भांडला नसता. भरून झालेलं बिल त्यातून परत मिळत नाही. त्या बिलातली स्टेंटची ओळ मात्र काढून बघ. २०१७ पासून स्टेंटच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे, आणि जास्त लावले असतील तर विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

कार्ड या आठवड्यात काढ. १४५५५ वर विचारलंस तर जवळची कोणती रुग्णालयं योजनेत आहेत ते कळेल; हृदयविकारासाठी कोणती, ते वेगळं विचार, कारण एकच रुग्णालय एका विभागासाठी योजनेत असतं आणि दुसऱ्यासाठी नसतं. ती नावं स्वयंपाकघरात दाराच्या मागे चिकटव. रात्री दोन वाजता रिक्षात बसल्यावर कुणाला काही आठवत नाही.

सासूबाईंचं वय तू लिहिलं नाहीस. सत्तरच्या आत असतील तर त्यांना हे कार्ड अजून नाही. पण त्यांचं महिन्याचं उत्पन्न ९ हजारांच्या आत असेल आणि त्या तुमच्यावर अवलंबून असतील, तर यजमानांच्या ईएसआयमध्ये त्यांचं नाव घालता येतं. दर महिन्याला १५० रुपये देताय ना? मग नंदा नगरच्या बीमा अस्पतालची पायरी एकदा चढा. तिथं नसलेल्या उपचारासाठी बाहेरच्या रुग्णालयात पाठवायचीही सोय असते. रांग असते, हे आधीच सांगते, डबा घेऊन जा.

वय वंदना कार्ड आयुष्मान ॲपवर घरबसल्या निघतं म्हणतात. बाबांच्या बोटांचे ठसे किंवा आधारला जोडलेला फोन नंबर यात अडलं, तर कुठल्या केंद्रावर जायचं, किती वाजता गर्दी कमी असते आणि कोणते कागद बरोबर हवेत, ते बाईला विचार. तिनं हे सगळं केलेलं आहे.

– काकू